न पाहिलेल्या चिखलदऱ्याचा वाटाड्या

गेल्या मे महिन्यापर्यंत मी चिखलदरा पाहिलेलं नव्हतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, कचेरीत ज्यांच्याबरोबर रोज डबा खातो त्यांनाही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, यात लपवण्यासारखं काय? पुष्कळांनी पाहिलेलं नसतं. पण मी अकोल्याचा आहे. इथून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला वर पोचतो. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना हाताशी असलेलं थंड हवेचं ठिकाण तेवढं एकच, आणि ते पाहिलं आहे असं सांगून मी लग्न केलं आहे.

मुलगी पाहायला आम्ही अमरावतीला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. माझे वडील आणि मुलीचे वडील त्या वर्षीच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, बोलत बसले. मी मुळात कमी बोलणारा, सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत होतो. बऱ्याच वेळानं मुलीच्या वडिलांना आठवलं की आज कार्यक्रम कशाचा आहे. ते तिला म्हणाले, "तुले काही इचारायचं असन तर इचार बाई. मंग म्हणशीन, इचारू देलं नाई."

तिनं मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही चिखलदरा पाहिलंय का?"

सगळे हसले. तिची आई म्हणाली, "हे काय इचारणं झालं व?" पण ती हसली नाही. अमरावतीत वाढूनही तिला कधी कुणी वर नेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की या मुलीला खरंच उत्तर हवं आहे. मी म्हणालो, "हो. कॉलेजात असताना. शिबिराला गेलो होतो."

शिबिर खरं होतं. ऐन पावसाळ्यात आमचा वर्ग गेला होता आणि जाणाऱ्यांत माझं नाव होतं, हेही खरं. फक्त निघायच्या आदल्या दिवशी माझ्या अंगावर कांजण्या उठल्या. मधल्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर मी पडून राहिलो. मित्र परत आले तेव्हा आई त्यांना आत येऊ देईना. मग ते खिडकीशी उभे राहून सांगत आणि मी आतून ऐकत असे. एकानं धुकं सांगितलं, एकानं गाविलगडाचा दरवाजा, एकानं कॉफीच्या झाडांवरची फळं, एकानं शक्कर तलावाकाठी पाय घसरून पडलेल्या सरांची चड्डी. अंगाची आग व्हायची तेव्हा मी डोळे मिटून त्यांच्यामागून घाट चढायचो. बरा होईपर्यंत ते सगळं माझं होऊन गेलं होतं.

तर त्या दिवशी मी बोललो. नुसतं 'हो' म्हणून थांबलो असतो तरी भागलं असतं. पण तिनं "मग कसं आहे?" असं विचारलं आणि मी सुरू झालो. घाट कसा वळतो, ढग खिडकीतून आत कसा येतो, देवी पॉइंटच्या कपारीत पाणी कसं ठिबकतं. माझे वडील चहाची बशी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. घरी त्यांनी मला एका दमात इतकं बोलताना ऐकलंच नव्हतं. आम्ही उठलो तेव्हा तिच्या आईनं माझ्या आईला सांगितलं, "पोरगा बोलका हाय बरं. आमच्या पोरीले असाच पाह्यजे होता."

बायको लग्नानंतर कित्येक महिने त्या बोलक्या माणसाची वाट पाहत होती. तो काही आला नाही. आयुष्यात एकदाच मी मनापासून, भरभरून बोललो, आणि नेमकं तेच खोटं होतं.

लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिनं विषय काढला. "आवो, जाऊ ना चिखलदऱ्याले. तुमाले तं सगळं माहीत हाय." तिथंच घोडं पेंड खात होतं. मला सगळं माहीत होतं आणि बसमधून उतरल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे, एवढंच माहीत नव्हतं. मी म्हणालो, रजा नाही. दुसऱ्या वर्षी मुलगी लहान होती. तिसऱ्या वर्षी माझी आई आजारी होती. कारणं संपली तेव्हा मी जे म्हणालो, ते मला सगळ्यात जास्त बोचतं. मी म्हणालो, "काय आहे तिथं? दरी आहे, माकडं आहेत, भाजलेलं कणीस मिळतं. मी पाहिलंय ना."

तिला ते पटलं. नवऱ्यानं पाहिलं आहे आणि तो म्हणतो आहे की काही नाही, म्हणजे काही नसेल. माझ्या डोळ्यांवर तिचा विश्वास होता. पुढचे उन्हाळे आम्ही शेगावला जाऊन आलो, तिच्या माहेरी जाऊन आलो, एकदा नागपूरला. चिखलदऱ्याचं नाव तिनं काढणं सोडलं.

आणि गंमत अशी, की बाहेर मी चिखलदऱ्याचा जाणकार म्हणून ओळखला जात होतो. कार्यक्रमातलं माझं ते भाषण सासरच्या माणसांनी गावभर केलं होतं. कचेरीत कुणाचं नवीन लग्न झालं की त्याला माझ्या टेबलाशी पाठवत. मी गंभीरपणे सांगायचो, जाताना परतवाड्याहून घटांगच्या रस्त्यानं चढा, येताना धामणगाव गढीकडून उतरा. लोक जाऊन यायचे, खूश होऊन मला सगळं सविस्तर सांगायचे, आणि तेच मी पुढच्याला द्यायचो. माझा सल्ला कधी चुकला नाही. चुकणार कसा, तो माझा नव्हताच.

एकदा मी हे खोटं खरं करून टाकायचं ठरवलं. कामासाठी बाहेरगावी जातो म्हणून सांगितलं आणि सकाळच्या बसमध्ये बसलो. अकोटपर्यंत छाती हलकी होती. अकोटला आमच्या गल्लीतले एक काका चढले, शेजारीच बसले. "काय गा, कुठी चालला एकटाच?" मी म्हणालो, "इथंच. अकोटले काम होतं." आणि उतरलो. आता उतरलोच आहे तर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून केळीचा एक अख्खा घड विकत घेतला आणि मांडीवर घेऊन परत आलो. बायको म्हणाली, "हापिसच्या कामाले गेलते का केळी तोडाले?" पुढे आठवडाभर आम्ही सगळे केळी खात होतो, आणि मला एकही गोड लागलं नाही.

आता गेल्या मे महिन्याचं सांगतो.

सासूबाई आमच्याकडे अकोल्याला आल्या होत्या. दरवर्षी दोघी मायलेकी मिळून कुरडया करतात. मुलगी पुण्याहून सुट्टीवर आली होती. रविवारी साळी, बायकोची धाकटी बहीण, आणि तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, सासूबाईंना अमरावतीला परत न्यायला आले. जेवणं झाली. बाहेर ऊन असं की कुत्रं सावलीतून सावलीत उडी मारून जात होतं. एकाच खोलीत कूलर, म्हणून सहाही जणं त्याच्यासमोर दाटीवाटीनं. आमचा कूलर जुना आहे, तो चालू असला की माणसाला ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं भांडणाच्या आवाजात झालं, पण भांडण काही नव्हतं.

सासूबाई आंब्याची कोय चोखता चोखता म्हणाल्या, "मी आता किती दिवसाची? अमरावतीत जलम गेला, पण चिखलदरा काई पाह्यलं नाई. जवाई एवढे जाणकार, अन सासू कोरीच."

साळी टुणकन उठून बसली. "जाऊच मग! भाऊजी, तुमीच सांगा कसं जायचं. आमची गाडी हाय सात जणांची. दोन दिवस अमरावती, एक दिवस वर."

"उलटं," साडू म्हणाला. "अमरावतीत दोन दिवस काय करता? तिथी आपणच राह्यतो."

"तुमी राह्यता, आमी नाही," माझी बायको म्हणाली. "मले माह्या माहेरचं शहर पाहून किती वर्षं झाले. लग्नकार्याले येतो अन हॉलमधून परत जातो. मले छत्री तलाव पाहायचा हाय, मालटेकडीवर चढायचं हाय, सकाळी सकाळी गिला वडा खायचा हाय, अंबादेवीले जायचं हाय."

"अन चिखलदरा?" साळीनं विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "यायले विचार. हे म्हणतात तिथी काही नाही."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवता. काही नाही तर कशाला पाठवता?"

इतक्या वर्षांत हा साधा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. बायकोच्या मनात आला नसेल असं नाही. तिनं विचारला नाही, एवढंच. मला घाम फुटला, कूलरसमोर बसून. मी म्हणालो, "काही नाही असं नाही. आहे की."

"मंग सांगा ना!" साळी म्हणाली. "मी चौदा वर्षांची होती, दाराआडून ऐकलं होतं तुमचं. ढग खिडकीतून आत येते अन माणसाच्या मांडीवर बसते. मले पाठ हाय सगळं. ताईले त्या रात्री झोप नव्हती लागली."

"गप व," बायको म्हणाली. पन्नाशीला टेकलेली माझी बायको लाजली.

झालं. मी पुन्हा सुरू झालो. मला थांबता आलं असतं, पण इतक्या वर्षांनी ती माझ्याकडे पुन्हा तशी पाहत होती, आणि मला तो पाहणारा चेहरा थोडा वेळ हवा होता. मी घाट सांगितला, कॉफी सांगितली, गाविलगड सांगितला. म्हणालो, "भीमकुंडावर आधी जायचं. वरून पाणी असं कोसळतं की बोललेलं ऐकू येत नाही. तुषारांनी माणूस ओला होतो. स्वेटर घ्या सगळ्यांनी. धुक्यात गाडीचे दिवे लावून चालावं लागतं."

साडूनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "साडभाऊ, मे महिन्यात?"

"काय?"

"मे महिन्यात कुठलं पाणी अन कुठलं धुकं? जंगल वाळून कडकड वाजत असन."

माझ्याकडचं सगळं सामान पावसाळ्यातलं होतं. मित्र पावसाळ्यात गेले होते, कचेरीतले लोक पावसाळ्यातच जातात. उन्हाळ्यातलं चिखलदरा मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. कूलर घरघरत होता आणि सगळे वाट पाहत होते. मी म्हणालो, "ते... मी आपलं आमच्या वेळचं सांगतो. आता खूप बदललंय."

"हवा बी बदलली का?" साडूनं विचारलं आणि सगळे हसले. त्याचा काही संशय नव्हता. तो असाच आहे, जावयाची खेचायची संधी सोडत नाही, स्वतः जावई असून.

तारीख ठरायला त्याहून जास्त वेळ लागला. बायको म्हणाली, कुरडया वाळल्याशिवाय मी हलत नाही. गच्चीवर दोन जुन्या साड्यांवर पांढरीशुभ्र नक्षी पसरलेली होती. साळी म्हणाली, "अशा उन्हात तं आज संध्याकाळी वाळतीन."

"वरून वाळतीन. आतून? मधात कच्ची राह्यली तं तळताना फुलत नाही."

"ताई, आपण चिखलदऱ्याले चाललो का कुरडयाच्या लग्नाले?"

शेवटी असं ठरलं की गुरुवारी पहाटे, ऊन चढायच्या आत निघायचं, आणि तोवर साळी-साडूनंही आमच्याकडेच थांबायचं. गुरुवार आणि शुक्रवार अमरावती, शनिवारी वर, रविवारी परत. सासूबाईंनी फर्मान काढलं की प्रत्येकानं खिशात एक कांदा ठेवायचा, ऊन लागत नाही. मुलगी म्हणाली, "आजी, माझ्या जीन्सच्या खिशात मोबाइल मावत नाही, कांदा कुठे ठेवू?" "मंग मोबाइल घरी ठेव," सासूबाई म्हणाल्या. भाकरी, ठेचा, कैरीचं पन्हं, पाण्याची सुरई असं सामान ठरत गेलं. साडू म्हणाला, माणसं कुठं बसतीन? त्या चार दिवसांत बायको घरात गुणगुणत फिरत होती. मी कधी ऐकलं नव्हतं तिला गुणगुणताना. तिनं कपाटातून एक निळी साडी काढली, अंगाशी धरून पाहिली, परत ठेवली, परत काढली. "तिथी चढाव असन ना? साडी बरी का ड्रेस?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "ड्रेस." अंदाजानं.

मी मात्र त्या चार दिवसांत मोबाइलवर लोकांचे व्हिडिओ पाहत होतो. उन्हाळ्यात कुणी व्हिडिओ काढत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग चार रस्ते, दोन चौक, थांब्यापासून तलावाकडे कसं जायचं, असं पाठ करत बसलो.

अमरावतीचे दोन दिवस मला आजही पायांना गार वाळू लागावी तसे आठवतात. पहिल्या सकाळी गाडीतून उतरून तडक गिला वड्याच्या हातगाडीवर. दह्यात बुडालेला वडा, वर लाल चटणी, उभ्यानं खायचा. बायकोनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, म्हणाली, "हो. हेच." मग तिनं आणखी एक प्लेट मागितली, आणि मग माझ्यातलीही खाल्ली. अंबादेवीच्या गर्दीत सासूबाई ओळखीच्या दहा जणींना भेटल्या आणि प्रत्येकीला सांगितलं, "आमी चिखलदऱ्याले चाललो. आमचे जवाई नेऊन राह्यले. त्यायले सगळं माहीत हाय." मी चपलांच्या ढिगाकडे पाहत उभा होतो.

दुपारी साळीच्या घरी कूलरपुढे झोप, संध्याकाळी छत्री तलाव. पाणी आत आत गेलं होतं, काठावर भेगाळलेली काळी माती. तिथं बायकोनं मुलीला दाखवलं की लहानपणी वडील तिला सायकलच्या दांडीवर बसवून कुठपर्यंत आणत. "अन मंग म्हणत, पुढच्या वर्षी चिखलदऱ्याले नेतो. दर वर्षी म्हणत." ती सहज बोलली. मला वाटलं, आधी वडील, मग मी. दोन माणसं लागली तिला एका डोंगरापासून लांब ठेवायला. वडिलांना खरंच जमलं नव्हतं. मला जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालटेकडीवर ती सगळ्यांच्या पुढे चढली. वरून शहराचे दिवे लागताना पाहिले. ती एकेकाकडे बोट करून सांगत होती, ते राजकमल चौकाकडचं, तो बडनेऱ्याचा रस्ता, ते तिकडे कुठं तरी आमचं जुनं घर. "तुमाले नाही माहीत ना इथलं काहीच?" तिनं मला विचारलं, आणि मला दाखवण्यात तिला असा आनंद होत होता की मी मनात म्हटलं, हे मला आधीच कळायला हवं होतं. न पाहिलेल्या माणसाला दाखवण्यात केवढं सुख असतं. पाहिल्याचं ढोंग करून मी तिच्याकडून तेही काढून घेतलं होतं.

शनिवारी आम्ही वर निघालो. मी पुढे, साडूच्या शेजारी, वाटाड्या म्हणून. परतवाड्यापर्यंत ठीक होतं. पुढे साडूनं विचारलं, "घटांगनं जायचं ना?" मी रुबाबात "हो" म्हणालो. एका फाट्यावर मी चुकीचा हात दाखवला आणि दहा मिनिटांनी आम्ही कुणाच्या तरी गोठ्यासमोर उभे. गोठ्यातल्या म्हशीनं आमच्याकडे पाहिलं. "खूप बदललंय," मी म्हणालो. मागून साळी म्हणाली, "भाऊजी, तुमच्या वेळी इथं म्हैस नव्हती का?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

घाट सुरू झाला. जंगल खरंच वाळलेलं होतं. सागाला पान नव्हतं, नुसते राखाडी खांब, आणि खाली तांबड्या पानांचा थर. मध्येच एखादा बहावा पिवळाधमक. हवा वळणावळणाला हलकी होत गेली. मुलीनं काच खाली केली. मग एका वळणावर डाव्या बाजूची झाडं संपली आणि पलीकडे काही नव्हतं. खाली, खूप खाली, तपकिरी डोंगरांच्या रांगा एकामागे एक, शेवटची आभाळात मिसळलेली.

माझ्या तोंडून आवाज निघणार होता, तो मी गिळला. खिडकीतून कुणी मला हे सांगितलं नव्हतं. त्यांनी हिरवं सांगितलं होतं, ढग सांगितले होते. हा उघडा, भाजलेला, अफाट डोंगर कुणीच सांगितला नव्हता. माझ्या चिखलदऱ्यातली ही पहिली गोष्ट जी मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. आणि मला चेहरा असा ठेवायचा होता, की हे तर काय, नेहमीचंच. साडूनं गाडी कडेला घेतली. सगळे धावत कठड्याशी गेले. मी सावकाश गेलो, हात पाठीमागे बांधून, ढोंगी.

बायको काही वेळ दरीकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमी तं असे पाहून राह्यले," ती म्हणाली, "जसं पयल्यांदाच पाह्यलं."

सांगायची वेळ तीच होती. वारा होता, बाकीचे लांब फोटो काढत होते, ऐकणारं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात ती म्हणाली, "मले वाटलं होतं, तुमाले आता याचं काही वाटत नसन. वाटते ना अजून? बरं वाटलं मले." आणि तिनं माझ्या दंडाला धरलं, भर रस्त्यावर, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. मी तोंड मिटलं.

भीमकुंड कोरडं होतं. काळ्या खडकावर पाणी जिथून पडतं तिथं पांढरा पट्टा तेवढा. साडूनं हात पुढे करून म्हटलं, "भिजलो रे बाप्पा, भिजलो!" आणि मुलीनं स्वेटर दोन्ही हातांनी छत्रीसारखा डोक्यावर धरला. सगळे हसले, मीही हसलो. देवी पॉइंटच्या कपारीत मात्र त्या उन्हाळ्यातही पाणी ठिबकत होतं. बायकोनं ओंजळ धरून थेंब गोळा केले आणि मला म्हणाली, "हे तुमी सांगतलं होतं. खरं निघालं." ते पाणी तिनं माझ्या हातावर ओतलं.

संध्याकाळी आम्ही तलावाकाठी कणसं खाल्ली. माकडानं सासूबाईंच्या हातातलं कणीस पळवलं आणि त्या त्याला अस्सल वऱ्हाडी शिव्या देत होत्या. अकोल्यात कूलरपुढे बसून जो गारवा येत नाही, तो नुसत्या वाऱ्यानं येत होता. बायको पाय लांब करून बसली होती. तिनं ड्रेस घातला नव्हता, निळी साडीच नेसली होती, आणि चढताना तिला काही अडचण आली नव्हती. मधेच ती म्हणाली, "आता पावसाळ्यात येऊ. मंग तुमचा तो ढग दाखवा मले." मी "हो" म्हणालो.

परत आल्यावर तिनं आख्ख्या गल्लीला सांगितलं. कुणाकुणाला कुठं उभं राहून फोटो काढायचा हेही सांगते. आता लोक माझ्याऐवजी तिला विचारतात, आणि ती खरं सांगते, कारण तिनं पाहिलं आहे. ऐकताना मला बरं वाटतं. ती बोलत असते तेव्हा मध्येच माझ्याकडे वळून "हो ना जी?" असं विचारते, आणि मी मान हलवतो.

मी हे लिहून काढलं, कारण तोंडानं सांगायला बसलो की तिचा त्या कठड्याशी उभा असलेला चेहरा समोर येतो. पण कागदाला सांगणं म्हणजे तिला सांगणं नव्हे. रजा, आईचं आजारपण, लहान मूल, हे सगळं खरं असलं तरी त्या सगळ्या उन्हाळ्यांत ती वर गेली नाही, याचं कारण मी होतो. तिला हे समोर बसून सांगणं आणि तिची माफी मागणं, एवढं माझ्याकडे अजून बाकी आहे.